लेकीचा वाटा, राष्ट्रपतींचे पत्र आणि जळगावचा खासदार : संसदेच्या दप्तरात इतिहास कसा शोधावा

🧵 थ्रेड

१/
जामनेर तालुक्यात वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारसनोंदीची वेळ येते, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : बहिणी हक्कसोड करून देणार का? हा प्रश्न विचारावा लागतो, याचाच अर्थ हक्क आहे. नसलेला हक्क कोणी सोडत नसते. तो हक्क कायद्यात कसा आला, त्या प्रवासात राष्ट्रपती आणि संसद यांच्यात काय घडले आणि जळगावच्या खासदाराचे नाव त्यात कोठे येते, हे सारे आज मूळ कागदांवरून तपासता येते. कोठे आणि कसे, याचा हा धागा.

२/
समाजमाध्यमांवर या विषयाची दोन विधाने नेहमी फिरत असतात. एक : राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी हिंदू कोड बिलावर सही करण्यास नकार दिला. दुसरे : डॉ. आंबेडकरांच्या राजीनाम्यानंतर ते बिल कायमचे बुडाले. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही जशीच्या तशी चूक आहेत. हे ठरवायचे तर कोणाच्या तरी पोस्टवर विसंबून चालणार नाही. त्या काळचे कागदच उघडावे लागतील.

३/
शोधाला बसण्यापूर्वी शब्दांचा सापळा ओळखावा. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणण्याची रीत होती. नेहरूंनी १९३७ साली टोपणनावाने स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचे नावही ‘राष्ट्रपती’ असेच होते. म्हणजे १९३६ च्या कागदातील ‘राष्ट्रपती’ आणि १९५१ च्या कागदातील ‘राष्ट्रपती’ ही दोन निराळी पदे आहेत.

४/
‘काँग्रेस’ या शब्दाचेही तसेच. भारतात तो पक्ष, अमेरिकेत ते राष्ट्रीय विधिमंडळ. सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून अमेरिकी काँग्रेस होते. तिकडच्या ‘प्रेसिडेंट’ला मराठीत राष्ट्राध्यक्ष म्हणतात, आपल्याकडे ‘अध्यक्ष’ म्हणजे लोकसभेचे सभापतिस्थान सांभाळणारी व्यक्ती. शोधपट्टीत शब्द टाकण्यापूर्वी कोणते पद आणि कोणते सभागृह हे मनाशी पक्के नसेल, तर निम्मा वेळ भलत्याच कागदांत जातो.

५/
अमेरिकेचा दाखला येथे हवाच. राष्ट्रप्रमुख आणि विधिमंडळ यांच्यातील मतभेद कागदावर कसा उतरतो, हे तेथे अगदी स्वच्छ दिसते. त्या देशाच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील सातव्या कलमाने सांगितले आहे की राष्ट्राध्यक्षाला विधेयक अमान्य असेल, तर त्याने आक्षेपांसह ते ज्या सभागृहातून निघाले तेथे परत पाठवावे आणि त्या सभागृहाने ते आक्षेप आपल्या कामकाज-नोंदीत पूर्ण उतरवून घ्यावेत. भांडण झाले की त्याची नोंद ठेवणे हे तेथे संविधानाचेच बंधन आहे.

६/
उदाहरण १८६६ चे. गुलामगिरी कायद्याने संपली होती; मुक्त झालेल्यांना नागरिकत्वाचे हक्क देणारे विधेयक काँग्रेसने संमत केले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २७ मार्च १८६६ रोजी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने ९ एप्रिलला दोन तृतीयांश बहुमताने तो ओलांडला आणि विधेयक कायदा झाले. जॉन्सन यांचा नकाराचा संदेश आणि त्यावरील चर्चा, दोन्ही आज घरबसल्या वाचता येतात.

७/
मराठी वाचकाला हा काळ परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. ज्या लोकांचा गौरव जोतीरावांनी केला, त्यांच्या प्रतिनिधींनी सभागृहात नेमके काय म्हटले, हे तपासण्याची सोय आज पुण्यातल्या काय आणि जामनेरातल्या काय, कोणत्याही विद्यार्थ्याला आहे.

८/
ते कोठे सापडते?
• १८३३ ते १८७३ च्या चर्चा ‘काँग्रेशनल ग्लोब’मध्ये; १८७३ पासून ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’मध्ये.
• १७७४ ते १८७५ चे विधिमंडळीय कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘अ सेंच्युरी ऑफ लॉमेकिंग’ या संग्रहात.
• अलीकडची विधेयके काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर.
• राष्ट्राध्यक्षांची भाषणे, संदेश व आदेश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’मध्ये.

९/
राष्ट्राध्यक्षांच्या खासगी कागदांचीही तेथे वाटणी ठरलेली आहे. वॉशिंग्टन ते कूलिज या काळातील २३ राष्ट्राध्यक्षांचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत; हूवर यांच्यापासून पुढे स्वतंत्र ‘प्रेसिडेन्शियल लायब्ररी’ आहेत. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाचे शासकीय कागद ही त्याची खासगी मालमत्ता राहिली नाही, ती देशाची झाली. १९८१ पासूनच्या राष्ट्राध्यक्षांना हा नियम लागू आहे.

१०/
आता भारताकडे. संविधानाच्या अनुच्छेद १११ नुसार राष्ट्रपतींनाही, अर्थविषयक विधेयक वगळता, विधेयक संदेशासह परत पाठवता येते. पण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि तो सल्ला गोपनीय असतो. अनुच्छेद ७४ म्हणते की मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयालाही करता येणार नाही. परिणाम असा की, राष्ट्रपती आणि सरकार यांच्यातील मतभेद संसदेच्या कार्यवृत्तात सहसा दिसत नाही. तो पत्रांत दिसतो. म्हणजे दोन दप्तरे, आणि अर्धी गोष्ट एकात तर अर्धी दुसऱ्यात.

११/
पहिले दप्तर : संसद. लोकसभा सचिवालयाच्या ‘पार्लमेंट डिजिटल लायब्ररी’त जुन्या चर्चांचे खंड चित्ररूपात ठेवले आहेत. राज्यसभेच्या चर्चांची व्यवस्था स्वतंत्र आहे. येथे पहिली अडचण नावांची येते. ‘लोकसभा’ हे नाव १४ मे १९५४ रोजी आणि ‘राज्यसभा’ हे नाव २३ ऑगस्ट १९५४ रोजी रूढ करण्यात आले. त्यापूर्वीच्या खंडांवर ‘हाउस ऑफ द पीपल’ आणि ‘काउन्सिल ऑफ स्टेट्स’ असेच छापलेले आहे.

१२/
त्याच्याही मागे जायचे तर क्रम असा :
• १९२१ ते १९४७ : केंद्रीय विधिमंडळ (इंग्रजी राजवट)
• डिसेंबर १९४६ ते नोव्हेंबर १९४९ : संविधान सभा, संविधाननिर्मितीचे काम
• नोव्हेंबर १९४७ पासून : तीच संविधान सभा, पण कायदेमंडळ म्हणून, हिची कार्यवृत्ते निराळी
• १९५० ते १९५२ : हंगामी संसद
• मे १९५२ पासून : निवडून आलेली संसद

१३/
या यादीतील तिसरी ओळ नवख्यांना हमखास चकवते. हिंदू कोड बिलावरील आरंभीची चर्चा शोधणारा विद्यार्थी संविधान सभेचे प्रसिद्ध बारा खंड चाळतो आणि रिकाम्या हाताने परततो. कारण ती चर्चा त्या खंडांत नाहीच. ती ‘संविधान सभा (विधायी)’ या दुसऱ्या मालिकेत आहे आणि पुढे हंगामी संसदेच्या खंडांत. सभागृह तेच, सदस्य तेच, बाडे मात्र दोन.

१४/
यावर सोपा उपाय आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन व भाषणांच्या इंग्रजी ग्रंथमालेतील चौदावा खंड, दोन भागांत, पूर्णपणे हिंदू कोड बिलाला वाहिलेला आहे. वसंत मून यांनी संपादिलेली ही मालिका भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही उपलब्ध आहे. तो खंड वाचून तारखा टिपाव्यात आणि मग त्या तारखांचे मूळ कार्यवृत्त उघडून ताडून पाहावे.

१५/
हा खंड एका कारणासाठी विशेष मोलाचा आहे. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये त्यांना सभागृहात निवेदन करायचे होते. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेब ते न वाचताच सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. त्यामुळे आधुनिक भारताच्या इतिहासातील एक थोर संसदीय निवेदन सभागृहात केलेल्या भाषणांत सापडत नाही. कार्यवृत्तात असते ते सभागृहात उच्चारलेले. जे उच्चारू दिले गेले नाही, ते इतरत्र शोधावे लागते.

१६/
आता दुसरे दप्तर : राष्ट्रपती. डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा पत्रव्यवहार वाल्मीकी चौधरी यांनी अनेक खंडांत संपादित केला आहे. नेहरूंची बाजू ‘सिलेक्टेड वर्क्स ऑफ जवाहरलाल नेहरू’च्या दुसऱ्या मालिकेत आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ शासकीय फायलींचा शोध घेण्यासाठी उघडता येते. या तिन्हींत १९५१ चा सप्टेंबर महिना पाहावा.

१७/
त्या महिन्यात काय सापडते? १५ सप्टेंबर १९५१ रोजी राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना पत्र लिहिले. आशय असा : विद्यमान हंगामी संसद प्रौढ मतदानाने निवडून आलेली नाही; एवढा मोठा सामाजिक बदल तिने करू नये; आणि विधेयक संमत होऊन आले, तर संमतीपूर्वी त्याचे गुणदोष स्वतः तपासण्याचा अधिकार राष्ट्रपती राखून ठेवतात. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांचा कौल एकच होता : राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागले पाहिजे.

१८/
आता दोन्ही दप्तरे शेजारी ठेवावीत. पत्रात राष्ट्रपतींचा इशारा आहे. संसदेच्या कार्यवृत्तात मात्र विधेयक अजून चर्चेतच अडकलेले आहे. सत्ताधारी पक्षातलेच अनेक सदस्य विरोधात आहेत, वेळ संपत आला आहे आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक दारात उभी आहे. संमत झालेले विधेयक राष्ट्रपतींच्या मेजावर पोहोचलेच नाही. मग त्यांनी ‘सही नाकारली’ कशी? त्यांनी विरोध केला, हे खरे. त्यांनी बिल परत पाठवले, हे खोटे. एकच दप्तर वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही.

१९/
राजेंद्रप्रसादांच्या आक्षेपाचे उत्तर १९५१-५२ च्या निवडणुकीने दिले. प्रौढ मतदानाने निवडलेली लोकसभा आली. तिच्यात जळगाव मतदारसंघातून हरी विनायक पाटसकर निवडून आले होते. ते संविधान सभेचे सदस्य राहिलेले आणि पेशाने वकील. पुढे ते विधी मंत्रालयात मंत्री झाले. एकसंध हिंदू कोड बिलाचे तोवर चार स्वतंत्र कायद्यांत विभाजन झाले होते.

२०/
ते चार कायदे असे :
• हिंदू विवाह कायदा, १९५५
• हिंदू वारसा कायदा, १९५६
• हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६
• हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६
वारसा विधेयकाची बाजू लोकसभेत पाटसकरांनी सांभाळली. बाबासाहेबांच्या हातून निसटलेले काम अशा रीतीने, तुकड्यातुकड्यांनी आणि बरेच मवाळ होऊन, जळगावच्या खासदाराच्या हातून पुढे सरकले.

२१/
हा वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने अमलात आला. राष्ट्रपती कोण होते? तेच, डॉ. राजेंद्रप्रसाद. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी इशाऱ्याचे पत्र लिहिले होते, त्यांनीच निवडून आलेल्या संसदेच्या कायद्यांना संमती दिली. व्यक्तिगत मत आणि पदाचे कर्तव्य यांतील हे अंतर हा आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या दशकाचा महत्त्वाचा धडा आहे.

२२/
पाटसकर कार्यवृत्तात कसे शोधावेत? शेवटाकडून सुरुवात करावी. ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर कायदा उघडून संमतीची तारीख घ्यावी आणि तेथून मागे सरकावे. पन्नाशीच्या दशकातील लोकसभेची कार्यवृत्ते दोन भागांत छापली जात : पहिल्यात प्रश्नोत्तरे, दुसऱ्यात उर्वरित कामकाज. विधेयकावरील चर्चा दुसऱ्या भागात असते. शिवाय हे विधेयक आधी राज्यसभेत मांडले गेले होते आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडेही गेले होते. केवळ लोकसभा पाहणाऱ्याला सुरुवातच दिसणार नाही.

२३/
एक बारकावा. त्या खंडांत मंत्र्याचा पहिला उल्लेख पदासह येतो, पुढे केवळ ‘श्री पाटसकर’ राहते. पूर्ण नाव टाकल्यास शोधयंत्र अनेकदा गप्प बसते. जुन्या छपाईची यंत्राने केलेली अक्षरओळखही सदोष असते. म्हणून नावाने काही न सापडल्यास ‘नाही’ असा निष्कर्ष काढू नये. तारीख धरून फाइल उघडावी आणि पाने डोळ्यांनी चाळावीत. शोधयंत्राला न दिसलेले पान माणसाला दिसते.

२४/
कार्यवृत्तही डोळे झाकून मानू नये. अमेरिकेत सदस्यांना आपले भाषण नंतर सुधारण्याची व वाढवण्याची मुभा असते; छापलेला प्रत्येक शब्द उच्चारलेलाच असेल असे नाही. भारतात अध्यक्षांच्या आदेशाने शब्द वगळले जातात आणि तेथे फुल्या दिसतात. हिंदीतील भाषण इंग्रजी आवृत्तीत अनुवादरूपाने असू शकते. अलीकडच्या चर्चांच्या असंपादित आणि संपादित अशा दोन प्रती आढळतात. उद्धृत करताना संपादित प्रत घ्यावी.

२५/
या कागदांतून जे मिळते, ते केवळ अभिमानाचे नाही. १९५६ च्या कायद्याने स्त्रीला तिच्या संपत्तीची पूर्ण मालकी दिली, वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हिस्सा पुरुषांकडेच राहिला. काळ्या कपाशीच्या जमिनीचा मोठा भाग वडिलोपार्जित. म्हणजे खानदेशातील लेकीच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच अडून बसला. ही तडजोड का झाली, कोणी मागितली, कोणी विरोध केला, हे संयुक्त समितीच्या अहवालात आणि चर्चांत नावानिशी वाचता येते.

२६/
ती उणीव भरायला अडतीस वर्षे लागली, तीही आधी राज्यांत. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क देशभर आला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला : तशी अट नाही, हक्क जन्मानेच मिळतो. सातबाऱ्यावरील एका नावामागे एवढी कागदपत्रे उभी आहेत.

२७/
जिल्ह्याचे दुसरे नाव राष्ट्रपतिपदाशीच जोडलेले आहे. प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जामनेरला लागून असलेल्या आजच्या बोदवड तालुक्यातील नाडगावचा. २५ जुलै २००७ रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्यावरील साधने शोधताना तीन चुका टाळाव्यात. त्या कोणत्याही राष्ट्रपतींच्या अभ्यासात उपयोगी पडतील.

२८/
पहिली चूक नावांची. प्रतिभाताई १९६२ साली जळगावमधून आमदार झाल्या; विवाह झाला १९६५ साली. तेव्हा आज रूढ असलेल्या नावाने १९६२ ची नोंद सापडेलच असे नाही. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मतदारसंघावरून जावे. १९६७ पासून त्या एदलाबादमधून निवडून येत. त्या गावाचे आजचे नाव मुक्ताईनगर. ‘मुक्ताईनगर’ टाकून १९७२ चा निकाल शोधणारा विद्यार्थी दिवसभर शोधत राहील.

२९/
दुसरी चूक भूमिकेची. १९८६ ते १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. त्या वेळच्या कार्यवृत्तात त्यांचे शब्द पीठासीन अधिकाऱ्याचे आहेत : कोणाला बोलू द्यावे, कोणाला थांबवावे. ती त्यांची राजकीय मते नव्हेत. मते हवी असतील, तर सदस्य म्हणून केलेली भाषणे पाहावीत : राज्यसभेतील, १९९१ ते १९९६ या काळातील अमरावतीच्या खासदार म्हणून लोकसभेतील आणि त्याआधीची विधानसभेतील.

३०/
तिसरी चूक सर्वांत मोठी. ४ जून २००९ रोजी राष्ट्रपती या नात्याने त्यांनी संसदेच्या संयुक्त बैठकीत अभिभाषण केले. त्यात महिला आरक्षण विधेयकाचा उल्लेख आहे. तो ‘प्रतिभाताईंनी मांडलेला आग्रह’ म्हणून उद्धृत करण्याचा मोह होतो. पण अनुच्छेद ८७ नुसार होणारे हे अभिभाषण मंत्रिमंडळाने मंजूर केलेले असते. त्यातील ‘माझे सरकार’ ही शब्दयोजना पदाची आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे काँग्रेससमोरील वार्षिक भाषण त्याचे स्वतःचे धोरण असते; आपल्या राष्ट्रपतींचे अभिभाषण सरकारचे.

३१/
जिल्ह्याच्या नावाचेही भान ठेवावे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे त्या वेळचा धुळे-नंदुरबार पट्टा. स्वातंत्र्यपूर्व आणि पन्नाशीच्या दशकातील कागदांत ‘जळगाव जिल्हा’ शोधणे व्यर्थ आहे, ‘ईस्ट खानदेश’ टाकावे. पार्श्वभूमीसाठी १८८० चे खानदेश गॅझेटियर आणि १९६२ चे जळगाव जिल्हा गॅझेटियर हाताशी ठेवावे.

३२/
सरावासाठी जामनेरकरांना जवळचा विषय आहे : पाचोरा-जामनेर नॅरो गेज, म्हणजे सर्वांची ‘पीजे’. शंभर वर्षांहून जुन्या या मार्गाबद्दल संसदेत कोणी काय विचारले, हे प्रश्नोत्तरांत शोधावे. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. ‘पाचोरा’, ‘जामनेर’, ‘नॅरो गेज’ हे शब्द इंग्रजीत, निरनिराळ्या स्पेलिंगने टाकून पाहावेत. प्रत्येक सापडलेल्या उत्तरासोबत तारीख, सभागृह, प्रश्न क्रमांक आणि विचारणाऱ्या सदस्याचे नाव टिपावे. या चार गोष्टींवाचून पुरावा अपुरा.

३३/
थोडक्यात पद्धत अशी :
• पद आणि सभागृह निश्चित करावे
• त्या काळची नावे वापरावीत
• कायद्याच्या तारखेपासून मागे जावे
• बोलणारा कोणत्या भूमिकेत बोलतो आहे ते पाहावे
• संसदेचे कार्यवृत्त आणि राष्ट्रपतींची पत्रे शेजारी ठेवून वाचावीत
अमेरिकेत हे शेवटचे काम संविधानानेच बरेचसे करून ठेवले आहे. आपल्याकडे ते अभ्यासकाला करावे लागते.

३४/
पाटसकर पुढे १९५७ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. १९६३ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. बाबासाहेबांचे नाव आणि त्यांचा राजीनामा हा या कायद्याच्या इतिहासाचा कणा आहे आणि राहील. पण त्या कण्याला जोडलेला एक दुवा आपल्याच जिल्ह्यातून दिल्लीला गेला होता, आणि जी तडजोड झाली तीही त्याच दुव्याने सभागृहात मांडली होती. श्रेय आणि उणीव, दोन्ही एकाच पानावर छापलेली आहेत. ते पान वाचायला आता दिल्लीला जावे लागत नाही.

३५/
पुढच्या वेळी तलाठ्याच्या टेबलावर हक्कसोडीचा कागद पुढे सरकेल, तेव्हा सही करणाऱ्या बहिणीला निदान एवढे ठाऊक असावे की, ती जे सोडते आहे ते कोणी मेहरबानीने दिलेले नाही. त्यासाठी एका मंत्र्याने पद सोडले, एका राष्ट्रपतींनी आपले मत बाजूला ठेवून संमती दिली, आणि दोन सभागृहांनी वर्षानुवर्षे वाद घातला. सही करायची की नाही, हा निर्णय तिचा. तो माहितीने व्हावा, एवढ्यासाठी हे कागद वाचायचे.

(समाप्त)
#इतिहास #खानदेश #जामनेर #संसद